अठरा मिनिटांची मूठ

विटेवरच्या विठ्ठला, दुसऱ्या देवांच्या हातांत चक्र आहे, त्रिशूळ आहे, गदा आहे. तुझे हात मात्र कमरेवर. कुणी म्हणतात, भक्ताची वाट पाहून तू दमलास. या कथेपुरते वाटते ते असे, की दारी येणारी लेकरे तुला जोखायची नव्हती, म्हणून तराजू धरणारे हात तू आधीच गुंतवून ठेवलेस. तुझ्या पायांशी लहानही येतो, थोरही येतो, आणि कुणाचेच वजन होत नाही. देवा, ज्याचा सारा जन्म काट्याशेजारी गेला आणि ज्याने एकदाच, निव्वळ मायेपोटी, एका लेकराला त्या काट्यावर चढवले, त्या सांडूची ही कथा आहे. शब्द खरे राहू देत, आणि त्याच्यावरची माया आटू देऊ नकोस.

सांडू हा जाधववाडीच्या मोंढ्यातला, म्हणजे धान्यबाजारातला, मापाडी. शेतकऱ्याचा मका, बाजरी, सोयाबीन काट्यावर चढले, की आकडा मोठ्याने पुकारायचा आणि वहीत मांडायचा, हे त्याचे काम. विशीत असताना सिल्लोडकडच्या एका खेड्यातून तो शहरात आला, पाठीवर गोण्या वाहू लागला, आणि त्याचा तोंडी हिशेब पाहून आडत्याने त्याला काट्यापाशी उभे केले. मोंढ्याची एक रीत आहे. थप्पी लागली, की व्यापारी प्रत्येक गोणी उघडत बसत नाही. टोकदार लोखंडी नळी गोणीच्या पोटात खुपसतो, मूठभर दाणे तळहातावर घेतो, फुंकर घालतो, एखादा दाणा दाताखाली धरतो. आणि त्या मुठीवरून साऱ्या गोणीचा भाव ठरतो. ही मूठ सांडूने तीस वर्षे पाहिली होती. मूठ खोटे बोलत नाही, अशी त्याची श्रद्धा होऊन बसली होती.

संध्याकाळी हाच माणूस दुसऱ्या एका ठिकाणी आकडे मांडत असे. गारखेड्याच्या बाजूला नवप्रभात क्रीडा मंडळाचे बास्केटबॉलचे मैदान आहे, सिमेंटचे. एकतीस वर्षांपूर्वी रेषा आखायला चुन्याची पोती घेऊन तो तिथे गेला होता. त्या दिवशी गुण लिहिणारा माणूस आला नव्हता. कुणीतरी सांडूला टेबलाशी बसवले, आणि तो तिथलाच झाला. सामन्याचे दहा-दहा मिनिटांचे चार डाव, त्यातला पहिला आणि तिसरा तो लाल शाईने लिही, दुसरा आणि चौथा निळ्या शाईने. एकतीस वर्षांत त्याच्या कागदावर एक खाडाखोड नव्हती. खेळ कितीही रंगो, तो टाळी वाजवत नसे. मत विचारले, तर देत नसे.

त्याची बायको चतुराबाई म्हणायची, "आवं, दिवसभर मका मोजता, सांजच्याला पोरींच्या उड्या मोजता. घरात मात्र भाकरी किती खाल्ल्या ते मोजत नाय."

"ते तू मोजतीच की," सांडू म्हणायचा, आणि पाचवी भाकरी घ्यायचा.

दोन वर्षांपूर्वी या टेबलासमोर अरफा आली. सिल्लोडची, तेव्हा सोळा वर्षांची, काटक, डोळ्यांत सतत कसली तरी घाई. तिचे वडील फारूख सिल्लोडच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर. मुलीचा खेळ पाहून त्यांनी घरामागे लोखंडी खांब रोवला आणि रिंग स्वतः वेल्डिंग केली. रिंगचे माप ठाऊक नव्हते. घमेले उपडे ठेवले आणि त्याच्या काठावरून माप घेतले. रिंग झाली खऱ्या रिंगपेक्षा चार बोटे लहान. त्या अरुंद रिंगमध्ये चेंडू टाकून टाकून पोरीचा हात असा बसला, की शहरातली रिंग पाहून ती हसली होती. "इतकी मोठी? ह्यात तर अम्मीपण टाकील!"

आठवड्यातून तीन दिवस ती एसटीने यायची. चार तास जाण्यायेण्यात, दोन तास मैदानावर. बस येईपर्यंत सांडूच्या टेबलाशी बसायची.

"चाचा, तुम्ही टाळ्या का वाजवत नाय? हात दुखत्यात?"

"लिवणाऱ्यानं टाळी वाजवली, तर लिवलेल्यावर कोण भरोसा ठेवील?"

"मग मनात तरी वाजवा."

"मनातली कुणाला ऐकू येती?"

"मला येती," अरफा म्हणाली आणि सॅक उचलून बसकडे पळाली. सांडू तिच्या पाठमोऱ्या वेणीकडे पाहत राहिला. त्या दिवसापासून तो मनात टाळी वाजवू लागला. रीत मोडली ती तिथून. बाहेर दिसायला दोन वर्षे लागली.

या वर्षी मंडळाने मोठी आमंत्रितांची स्पर्धा भरवली, आणि संघासाठी सोनियाला बोलावले. सोनिया मूळची नागपूरची, नोकरीने मुंबईत, तेहतीस वर्षांची, नाव देशभर झालेले. एका स्पर्धेचे दोन लाख, विमानाचे भाडे, हॉटेलची खोली. मैदानावर ती उभी राहिली, की बाकीच्या चौघी आपोआप नीट उभ्या राहत. ती आणि अरफा एकाच जागेच्या खेळाडू. सोनिया बहुतेक वेळ मैदानावर असे, आणि अरफा मधूनमधून उतरे, कधी तिच्या जागी, कधी तिच्या जोडीला. साहजिकच गावभर एकच तुलना चालली. चहाच्या टपरीवर, व्यायामशाळेत, मैदानाच्या पायऱ्यांवर लोक दोघींना शेजारी शेजारी उभे करून मापत राहिले. एक म्हणे, सोनिया ती सोनिया. दुसरा म्हणे, थांब, दोन वर्षांनी ही पोर तिला मागे टाकील. जिवंत माणसांची अशी तुलना जिभेला किती गोड लागते! आणि ज्यांची होते, त्यांना त्यातला घासही मिळत नाही.

सांडू बोलत नव्हता. पण मोजत होता.

स्कोअरशीटवर गुण असतात, फाऊल असतात. खेळाडू किती मिनिटे मैदानावर होती, याचा रकाना नसतो. सांडूने तो आपल्यापुरता आखला. मोंढ्यातल्या जुन्या पट्टीच्या, म्हणजे हिशेबाच्या लांबट कागदाच्या, कोऱ्या पाठीवर तो प्रत्येकीची मिनिटे टिपू लागला. सोनिया सामन्याला छत्तीस मिनिटे खेळते आणि सरासरी एकवीस गुण करते. अरफा अठरा मिनिटे खेळते आणि चौदा करते. लोक एकवीस आणि चौदा पाहतात. सांडूने भागाकार केला, मग गुणाकार केला. पूर्ण चाळीस मिनिटे मिळाली, तर सोनियाचे तेवीस होतात. अरफाचे होतात एकतीस.

त्याने तीनदा मांडून पाहिले. तिन्ही वेळा एकतीस.

त्या शुक्रवारी दुपारी मंडळाच्या खोलीत बैठक बसली. दुसऱ्या दिवशी उपांत्य सामना, रविवारी अंतिम. अध्यक्ष ऋतुराज हे वाळूजला कारखाना असलेले गृहस्थ. मनाने वाईट नव्हेत, पण कारखान्यात जे यंत्र जास्त उत्पादन देईल त्याच्याकडे पाहण्याची नजर इथेही घेऊन येणारे. शेजारी प्रशिक्षिका सुलेखा, शाळेतून निवृत्त झालेल्या क्रीडाशिक्षिका. सांडू वह्या घेऊन कोपऱ्यात.

"सोनिया पुढच्या वर्षी अडीच मागते आहे," ऋतुराज म्हणाले. "द्यायचे, की आपलं घरचं माणूस तयार करायचं? सांडूकाका, आकडे तुमच्याकडे. काय म्हणतात?"

"आकडे कागदावर हाईत साहेब."

"कागद मीही वाचला. एकवीस आणि चौदा. तुम्हाला काय वाटतं ते विचारतोय."

एकतीस वर्षांत असे कुणी विचारले नव्हते असे नाही. पण उत्तर द्यावेसे आज पहिल्यांदाच वाटले. मनातली टाळी ओठांपर्यंत आली. सांडूने खिशातून ती पट्टी काढली, टेबलावर पसरली, आणि मोंढ्यात गोणीचा भाव पुकारावा तशा स्वच्छ आवाजात म्हणाला, "साहेब, पोरीला अठराच मिनिटं मिळत्यात. अठरा मिनिटांत चौदा. मूठ ही अशी हाय, तर गोणी कशी असंल, ते तुम्हीच बघा. चाळीस मिनिटांचे एकतीस होत्यात. सोनियाताईंचे तेवीस."

ऋतुराजांनी पट्टी हातात घेतली, मोबाईलवर आकडा तपासला. मग हसले. "काका, इतके दिवस हे पोटात ठेवून बसला होता? ठरलं तर. उद्या समोरचा संघ हलका आहे. उद्या सोनियाला विश्रांती, अरफा पूर्ण चाळीस मिनिटं. मूठ कशाला, अख्खी गोणीच काट्यावर चढवू. पोरीनं निभावलं, तर पुढच्या वर्षी सोनियाला बोलावणं नाही. तो सगळा खर्च अरफावर. इथंच वसतिगृह, कॉलेज, खुराक, बूट, सगळं."

"सर, अठरा मिनिटं पुरेत तिला," सुलेखा म्हणाल्या.

"का?"

सुलेखांनी नजर खिडकीकडे वळवली. "लहान आहे."

"अठरा वर्षांची आहे, मॅडम. याच वयात चमकायचं असतं." बैठक संपली.

सांडू बाहेर पडला, तेव्हा त्याचे पाऊल हलके होते. पाण्याच्या टाकीपाशी सुलेखांनी त्याला गाठले. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"सांडूभाऊ, अठराच का, हे एकदा मला विचारायचं तरी होतं."

"म्हणजे?"

"तिच्या डाव्या गुडघ्यातलं लिगामेंट, हाडं बांधून ठेवणारा बंध, निम्मं तुटलेलं आहे. मार्चमध्ये मी स्वतः नेऊन एमआरआय काढला. अठरा-वीस मिनिटांच्या पुढं गेली, की उडीवरून उतरताना गुडघा आत पडतो. म्हणून मी घड्याळ बघून तिला बसवते. तुम्हाला वाटलं, तिला मिनिटं कुणी देत नाही? अहो, मी राखून ठेवत होते."

सांडूने हातातल्या वह्या टाकीच्या कट्ट्यावर ठेवल्या. "मग साहेबांना का नाय सांगितलं?"

"सांगितलं असतं, तर त्याच दिवशी नाव कापलं असतं. पडलेल्या पोरीवर खर्च कोण करतं? हंगाम संपला की मंडळाकडून ऑपरेशन करून घ्यायचं, असा माझा बेत होता. दोनच सामने उरले होते, सांडूभाऊ. दोनच."

"मी आत्ता जातो. आत जाऊन सांगतो."

"सांगा. पण आधी तिला विचारा. गुडघा तिचा आहे."

अरफा मैदानावर एकटीच चेंडू टाकत होती. बातमी तिच्यापर्यंत पोहोचली होती. सांडूला पाहताच ती धावत आली, आणि धावताना तिचा डावा पाय किंचित जपून पडतो, हे सांडूला त्या क्षणी दिसले. दोन वर्षे ज्या पोरीचा प्रत्येक गुण त्याने लिहिला, तिचा पाय त्याने आज पाहिला.

"चाचा! तुम्ही बोललात! सगळे सांगत व्हते, तुम्ही टेबलावर कागदच ठेवला म्हणून!"

"पोरी, मला गुडघ्याचं कळलं."

तिच्या तोंडावरचे हसू तसेच राहिले, पण डोळे बदलले. "कुणाला सांगू नका."

"अगं, पण पाय..."

"पाय माझा हाय ना? चाचा, उद्या अब्बू सुट्टी काढून येणारेत. अम्मी येणारे. अम्मीनं मला कधी खेळताना बघितलंच नाय. आत्ताच फोन केला मी." तिने त्याचे मनगट धरले. "एकदा चाळीस मिनिटं, चाचा. फक्त एकदा. मग मी स्वतः सांगते साहेबांना. खुदाकसम."

सांडू बोलायला गेला. पण ज्या माणसाने एकतीस वर्षे गप्प राहण्यालाच सचोटी मानले, त्याला गप्प राहणे किती सोपे होते! तो म्हणाला, "जप, बाई." एवढेच. आणि घरी गेला. बोलू नये तेव्हा तो बोलला होता, आणि बोलावे तेव्हा गप्प राहिला होता. एका दिवसात दोन्ही.

शनिवारी चार वाजता सामना सुरू झाला. पायऱ्यांवर फारूख आणि अरफाची अम्मी शकीला बसले होते. शकीला बुरख्याचा पडदा वर करून डोळे ताणून पाहत होती. समोरचा संघ हलका नव्हता, निदान त्या दिवशी तरी नव्हता. पण अरफा! सांडूने लाल शाईने लिहिले, निळ्या शाईने लिहिले, आणि लिहिता लिहिता त्याचे डोळे भरून येऊ लागले. वाऱ्याने पाचोळा वळावा तशी ती वळत होती. मध्यंतराला तिचे सोळा गुण झाले. शकीला उभी राहून टाळ्या वाजवत होती. फारूख तिला "बैठ, बैठ" म्हणत स्वतःच उभा राहत होता.

अठ्ठाविसाव्या मिनिटाला सुलेखा टेबलाशी आल्या. "बदली हवी."

खेळ थांबल्यावर बदलीचा भोंगा वाजवायचे बटण सांडूपाशी होते. त्याने बोट बटणावर ठेवले. मैदानावरून अरफाने ते पाहिले. तिने दोन्ही हात जोडले, मान हलवली: नको. खुर्चीवरून ऋतुराज म्हणाले, "मॅडम, आपलं ठरलंय." कारण सांगितले, तर पोरीचे नाव कापले जाईल, म्हणून सुलेखा मागे फिरल्या. सांडूचे बोट बटणावरच होते. त्याने ते उचलले.

तेहतिसाव्या मिनिटाला अरफाने मध्यरेषेजवळ चेंडू हिसकावला. समोर कुणी नव्हते. चार पावले, उडी, हातातून चेंडू सुटला. तो रिंगमध्ये पडत असताना ती खाली आली, डाव्या पायावर. वाळलेला हरभऱ्याचा घाटा पायाखाली फुटावा, तसा आवाज झाला. तो आवाज टेबलापर्यंत आला. मग तिची किंकाळी.

बास्केट झाले होते. झालेले बास्केट लिहावे लागते. सांडूने तिच्या नावापुढे दोन गुण मांडले, आणि मांडल्यावर त्याला दिसले, की चौथा डाव चालू असताना हातातले पेन लाल आहे. एकतीस वर्षांतली ती एकमेव चूक त्या कागदावर अजून तशीच आहे.

सामना कसाबसा जिंकला गेला. रविवारी सोनियाने अंतिम सामन्यात एकोणतीस गुण केले, करंडक मिळाला, छायाचित्र निघाले. सोमवारी मंडळाने पुढच्या वर्षाचे अडीच लाख कबूल केले.

अरफाला शहरातल्याच एका दवाखान्यात ठेवले होते. लिगामेंट पूर्ण तुटले होते, सांध्यातली गादीही फाटली होती. डॉक्टर म्हणाले, वर्षभराने चालता-पळता येईल. उडीचे काही सांगता येत नाही. मंडळाने ऑपरेशनचा निम्मा खर्च दिला आणि शुभेच्छांचे पत्र दिले. उरलेल्या निम्म्यासाठी फारूखने मोटारसायकल विकली, हे सांडूला दुसऱ्याकडून कळले.

दवाखान्याच्या बाकावर सांडू बसला असताना सोनिया आली. हातात सफरचंदांची पिशवी, पायात साध्या चपला. आत जाऊन आली आणि त्याच्या शेजारी बसली.

"काका, तुमचा तो कागद मला दाखवला साहेबांनी. खरा आहे. पोरगी माझ्यापेक्षा चांगली आहे. होती."

तिने ती पट्टी त्याला परत दिली, आणि सांडूने घडी घालून खिशात ठेवली.

"मागच्या वर्षी एका संघानं मला अंगात ताप असताना उतरायला सांगितलं," ती म्हणाली. "मी म्हटलं, नाही. त्यांनी ऐकलं. लोकांना वाटतं, मला पैसे बास्केटचे मिळतात. मी नाही म्हणू शकते, त्याचे मिळतात ते. या पोरीला 'नाही' म्हणायला कुणी शिकवलं होतं? आणि म्हटलं असतं, तर कुणी ऐकलं असतं?" ती उठली, सफरचंदांची पिशवी आत द्यायची राहिली होती, ती घेऊन पुन्हा आत गेली.

सांडूच्या पट्टीवर गुण होते, मिनिटे होती. नाही म्हणण्याची ताकद कुणाजवळ किती, हे त्याने मोजले नव्हते. ते मोजायचे असते, हेच त्याला माहीत नव्हते.

बाहेर फारूख चहा घेऊन आला. एक कप सांडूच्या हातात दिला. "भाऊ, तुम्ही दिल छोटं करू नका. तुम्ही तर माझ्या पोरीचं चांगलंच बोललात. आपल्या पोरीसाठी एवढं कोण बोलतं?"

सांडूने तो चहा संपवला आणि उठला. घरी चतुराबाईने ताट वाढले. त्याने एक भाकरी मोडली आणि ठेवून दिली. चतुराबाईने या वेळी थट्टा केली नाही. सारे ऐकून घेतले आणि म्हणाली, "त्या माणसाला खरं सांगा. त्येचा चहा पिताय तुम्ही."

महिन्याने सांडू सिल्लोडला गेला. जिनिंगमागच्या गल्लीत दोन खोल्यांचे घर, मागे तो खांब, वर ती लहान रिंग. अरफा खाटेवर पाय लांब करून बसली होती. शकीलाने पाणी दिले. सांडूने पाणी खाली ठेवले, आणि उभ्यानेच बोलला.

"फारूखभाई, मला आदल्या दिवशी कळलं व्हतं. गुडघा निम्मा गेलाय, हे मॅडमनं मला सांगितलं व्हतं. मी गप ऱ्हायलो. सामन्यातबी बोट बटणावर व्हतं. दाबलं नाय."

"मी गप राहा म्हटलं होतं," अरफा पटकन म्हणाली. "अब्बू, मी म्हटलं होतं."

"ती लेकरू हाय," सांडू म्हणाला. "मी अठ्ठावन्न वर्षांचा हाय."

फारूखने त्याच्याकडे पाहिले. मग चपला घातल्या आणि बाहेर निघून गेला. शकीला भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तिने शिवी दिली असती, तरी सांडूला बरे वाटले असते.

"चाचा, बसा," अरफा म्हणाली. "तो कागद हाय का? ती पट्टी?"

त्याने ती खिशातून काढली. घडीवर फाटली होती. अरफाने ती पायावरच्या पट्ट्यावर पसरली.

"शेवटी माझे किती झाले होते?"

"तेहतिसाव्या मिनिटाला सव्वीस."

तिने त्याच्या खिशातले पेन काढून घेतले. पट्टीच्या खाली, त्याच्या आकड्यांच्या शेजारी, सावकाश मांडले. शाळेतल्यासारखा भागाकार, मग गुणाकार. मांडून झाल्यावर पट्टी त्याच्याकडे वळवली.

"चाळीस मिनिटांचे साडेएकतीस होतात. बघा." ती हसायचा प्रयत्न करत होती. "तुमचा हिशेब बरोबर होता, चाचा."

सांडू खाली बसला. मोंढ्यातला तो माणूस, ज्याने पाठीवर शंभर शंभर किलोच्या गोण्या वाहिल्या, तो त्या खाटेच्या पायाशी बसून लहान मुलासारखा रडला. अरफाने त्याच्या डोक्यावर हात ठेवला, आणि मग तीही रडू लागली. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच, असे शकीला पुढे सांगत असे.

मैदानावरचे ते टेबल सांडूने सोडले. मोंढ्यातला काटा पोटासाठी चालूच आहे. तिथे अजूनही मूठ निघते, भाव ठरतो, सांडू आकडा पुकारतो. फक्त पुकारण्याआधी आता क्षणभर थांबतो, आणि हमाल म्हणतात, म्हातारा झाला.

दर मंगळवारी अरफाला व्यायामोपचारासाठी शहरात यावे लागते. फारूख तिला एसटीने आणतो. सिडको बसस्थानकाबाहेर सांडू रिक्षा थांबवून उभा असतो. पहिल्या मंगळवारी फारूखने त्याच्याकडे पाहिलेही नाही. दुसरी रिक्षा केली. दुसऱ्या मंगळवारीही तसेच. चौथ्या मंगळवारी पोरीला एका हाताने आधार देताना फारूखच्या खांद्यावरची पिशवी सारखी घसरत होती. त्याने ती काढली, आणि सांडूसमोर धरली. बोलला नाही. अजूनही बोलत नाही. सांडू पिशवी घेतो, छातीशी धरतो आणि मागून चालतो. तिचे वजन किती, हे त्याने हाताने कधी तोलून पाहिले नाही.

कमरेवर हात ठेवून उभ्या असलेल्या दयाळा, ज्या घरात तुला विठ्ठल म्हणतात त्या घरावर, आणि ज्या घरात तुला दुसऱ्या नावाने पाच वेळा हाक मारतात त्या घरावरही, तुझी सारखीच सावली असू दे. सांडूच्या हाताला अशीच ओझी मिळोत, जी उचलायची असतात आणि मोजायची नसतात. चतुराबाईच्या परातीतले पीठ सरू नये, आणि त्या ताटावर पुन्हा थट्टा ऐकू यावी. फारूखच्या जिभेवरची गाठ, सुटायची तेव्हा तुझ्या हाताने सुटो. सुटली नाही, तरी त्याच्यावर तुझा राग नसो. शकीलाच्या डोळ्यांना झोप दे. आणि त्या लेकीचा पाय, देवा, उडी नाही तरी वाट चालण्याइतका बळकट कर. तिला जोखणाऱ्यांच्या नजरेपासून दूर ठेव, आणि आयुष्यात जेव्हा जेव्हा तिला नाही म्हणावेसे वाटेल, तेव्हा तिच्या शब्दाला ऐकणारे कान दे. त्या दोन्ही घरांचे कल्याण असो.